'अलाँग विथ द गॉड्स'सारखा परलोक कॉलेजच्या हॉलमध्ये कसा उभा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्र मिळून बारा मिनिटांची मराठी शॉर्ट फिल्म करताय. मेलेल्या माणसावर यमाच्या दरबारात खटला चालतो. २०१७ चा कोरियन 'अलाँग विथ द गॉड्स: द टू वर्ल्ड्स' बघून तसा लाव्ह्याचा नरक करायचं ठरवलंत. कॉलेजच्या हॉलमध्ये हिरवा क्रोमा, म्हणजे नंतर कापून काढायचं एकरंगी कापड, लावून चाचणी घेतली, पण माणूस फोटोतून कापून चिकटवल्यासारखा दिसतोय. बजेट साठ हजार. आणि विचारताय की कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं.

सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवू नका. थ्रीडीचं ब्लेंडर फुकट आहे. एडिटिंगच्या दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन येतं आणि त्यात तुमचं सगळं कॉम्पोझिटिंग, म्हणजे माणूस आणि मागचं दृश्य एकत्र बसवण्याचं काम, होईल. चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण सॉफ्टवेअरच्या आधी, शूटिंगच्या दिवशीच घडून गेलेलं असतं. माणसावर हॉलच्या ट्यूबलाइटचा उजेड पडलाय आणि मागे लाव्हा पेटलाय. ही तफावत कुठलंही 'की' काढणारं, म्हणजे क्रोमाचा रंग कापून माणूस वेगळा करणारं, टूल मिटवू शकत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. कॅमेरा १० बिट ४:२:२ (रंगाची माहिती किती साठते त्याचं हे माप) रेकॉर्ड करत असेल तर केसांच्या कडा बऱ्या सुटतील. ८ बिट ४:२:० असेल तर रंगाची माहिती चौथ्या हिश्शावर येते आणि कडा पायरीपायरीच्या दिसतात. हॉलची लांबी तीस फुटांपेक्षा कमी असेल तर वाइड शॉटचा नाद सोडा. कॉम्प्युटरला बरं ग्राफिक्स कार्ड आहे की नाही, यावर थ्रीडी किती करायचं ते ठरेल. पुढचं सगळं मी साधा एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा, मध्यम कॉम्प्युटर आणि चाळीस-एक फुटांचा हॉल धरून लिहितोय.

आधी चित्रपटाबद्दल, कारण त्याच्याकडून नेमकं काय उचलायचं हे बहुतेकांचं चुकतं. दिग्दर्शक किम योंग-ह्वा हा इफेक्ट्समधला मुरलेला माणूस. डेक्स्टर स्टुडिओज ही इफेक्ट्स कंपनी त्याचीच, आणि २०१३ च्या 'मिस्टर गो'मध्ये त्यांनी बेसबॉल खेळणारा पूर्ण डिजिटल गोरिला पडद्यावर आणला होता. या परलोकपटाचे दोन्ही भाग एकदमच शूट झाले. पहिला डिसेंबर २०१७ मध्ये लागला, दुसरा ऑगस्ट २०१८ मध्ये. दक्षिण कोरियात पहिल्याची १ कोटी ४४ लाखांच्या आसपास तिकिटं गेली आणि दुसऱ्यानेही कोटीचा आकडा ओलांडला. म्हणजे मागे पैसा होता, माणसं होती, वर्षं होती. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणून त्यांचा आकार उचलायला जाऊ नका. त्यांची शिस्त उचला, ती फुकट आहे.

शिस्त म्हणजे काय, ते बघा. मेलेला अग्निशामक जा-होंग याला ४९ दिवसांत सात न्यायालयांतून जायचंय: खून, आळस, खोटेपणा, अन्याय, विश्वासघात, हिंसा आणि शेवटी आईवडिलांशी केलेलं वर्तन. सात नरक म्हटल्यावर सात वेळा आग आणि कवट्या दाखवायचा मोह कुणालाही झाला असता. इथे प्रत्येक नरकाला एकच द्रव्य दिलंय. खुनाच्या नरकात आग, आळशांच्या नरकात पाणी, खोटेपणाला लोखंड, अन्यायाला बर्फ, विश्वासघाताला आरसे, हिंसेला गुरुत्वाकर्षण, म्हणजे तळ नसलेलं अजस्र विवर, आणि शेवटच्याला वाळू. प्रत्येक द्रव्य प्रेक्षकाने आयुष्यात हाताळलेलं आहे. पाणी कसं उसळतं, वाळू कशी घसरते, हे त्याला शिकवावं लागत नाही. द्रव्य ओळखीचं आणि माप अनोळखी, असा तो मेळ आहे. आळशांच्या नरकात प्रचंड फिरते खांब आहेत. माणसं त्यांच्यापुढे जीव तोडून पळतायत आणि जो पाण्यात पडला त्याला माणसाच्या तोंडाचे मासे फाडतात. शिक्षा काय आहे हे एका फ्रेममध्ये कळतं, संवाद लागत नाही.

दुसरी शिस्त कायद्याची. हाणामारी मनाला येईल तेव्हा होत नाही. जा-होंगच्या घरातलंच कुणीतरी सूडाने पेटलेलं पिशाच्च झालंय, त्यामुळे परलोकातला काळ भराभर पळायला लागतो आणि नरकातली भुतं या मंडळींवर तुटून पडतात. म्हणून 'हा जंग-वू' या नटाने केलेला यमदूत गांग-रिम खटला अर्धा टाकून जिवंतांच्या जगात चौकशीला जातो, आणि मारामारीला कारण मिळतं. (पुढच्या वाक्यात शेवट फुटतो. पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) शेवटचा पेचही कायद्यानेच सुटतो: ज्याचा गुन्हा केला त्याने जिवंतपणी मनापासून क्षमा केली असेल, तर त्या गुन्ह्याचा निवाडा परलोकातल्या कोर्टाला करता येत नाही. एवढा रडवणारा प्रसंग उभा आहे तो या एका कलमावर. लाव्हा नसता तरी तो चालला असता. उलट दुसऱ्या भागात मध्येच डायनासोर सुटतात. तांत्रिकदृष्ट्या काम उत्तम आहे, पण माझ्या मते तिथे नरक संपतो आणि कंपनीचं प्रदर्शन सुरू होतं.

मूळ वेबटूनशी, म्हणजे ऑनलाइन कॉमिकशी, ताडून बघाल तर आणखी एक गोष्ट दिसेल. जू हो-मिनच्या वेबटूनमधला जा-होंग हा साधा नोकरदार आहे आणि त्याचा खटला लढायला वेगळा वकील आहे. चित्रपटाने वकील काढून टाकला आणि त्याचं काम यमदूतांकडे दिलं. एक पात्र कमी झालं की बारा मिनिटांत किती जागा मोकळी होते, याचा हिशोब तुमच्या संहितेवर करून बघा. यम, चित्रगुप्त, दोन दूत, वकील आणि आरोपी अशी सहा माणसं तुम्ही लिहिली आहेत. यम, चित्रगुप्त आणि आरोपी यांच्यावर भागेल. चित्रगुप्तच वही वाचतो, तोच आरोप ठेवतो.

आता तुमचा नरक. कोरियन चित्रपटातला न्यायाधीश योम्रा, म्हणजे ली जंग-जेने केलेला, हा आपला यमराजच आहे. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे तिकडे पोचला. ४९ दिवसही मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामधल्या सात सप्ताहांच्या बौद्ध कल्पनेतून आलेत, आणि कोरियात आजही ४९ व्या दिवसाचा विधी होतो. तिथल्या परंपरेत दहा राजे आहेत आणि योम्रा पाचवा. चित्रपटाने सातच घेतले आणि त्याला शेवटी नेऊन बसवलं. म्हणजे परंपरेत हात घालायची मुभा त्यांनी घेतली, तुम्हीही घ्या. पण त्यांची नक्कल कशाला? खोटेपणाच्या नरकातलं तलवारींच्या झाडांचं जंगल आपल्याकडे असिपत्रवन म्हणून आधीच आहे. वैतरणी आहे, कुंभीपाक आहे. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध ही मुदतींची उतरंड आपल्या प्रेक्षकाला पाठ आहे. खटल्याला मुदत हवी असेल तर ४९ दिवस सांगत बसू नका. 'तेराव्याच्या आत निकाल लागला पाहिजे' एवढं चित्रगुप्त म्हणाला की पुरे.

माझा सल्ला: एक नरक, एक द्रव्य. लाव्हा सोडा, वाळू घ्या. कारणं पुढे येतीलच. तरीही लाव्ह्यावरच मन असेल तर त्याचंही सांगतो.

लाव्ह्याचा त्रास असा. लाव्हा म्हणजे उजेड, आणि तो खालून वर, नारिंगी आणि हलता. तोच चेहऱ्यावर आणायचा तर दोन-तीन लाइट जमिनीलगत, कॅमेऱ्याच्या फ्रेमखाली ठेवावे लागतात. जुने हॅलोजन मिळाले तर उत्तम. डिमरने खाली आणले की ते आपोआप अधिक नारिंगी होतात. एलईडी असतील तर नारिंगी जेल पेपर लावा. समोर दोघांनी कापडाच्या पट्ट्या हळूहळू हलवायच्या, दोघांची लय वेगवेगळी. उजेड पाव हिश्शाइतकाच कमीजास्त व्हावा. जास्त झाला तर गणपतीच्या मांडवातली रोषणाई वाटते. १००० वॉटचा हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो. त्यामुळे ६ अँपिअरच्या सॉकेटवर एकच, १६ च्या सॉकेटवर तीन, त्याच्यावर नाही. एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते.

हा नारिंगी उजेड मागच्या हिरव्या कापडावर सांडला की कापड पिवळट होतं आणि की फुटते. शिवाय हिरव्याचा परतलेला उजेड नारिंगी गालावर पडून कातडी आजारी दिसते. म्हणून आगीच्या उजेडात निळा क्रोमा वापरा. नारिंगीत निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे माणूस आणि कापड यांच्यात सर्वांत जास्त अंतर पडतं. निळ्याचा तोटा हा की सेन्सरवर हिरव्याचे बिंदू निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून निळ्या चॅनलमध्ये दाणा, म्हणजे चित्रातली बारीक खरखर, जास्त येतो. त्यावर उपाय म्हणजे कापडाला भरपूर उजेड द्यायचा आणि आयएसओ चढवायचा नाही. बर्फाचा निळसर नरक असता तर हिशोब बरोबर उलटा, तिथे हिरवा. आरशांच्या नरकाच्या वाटेला मात्र जाऊ नका, प्रत्येक आरशात क्रोमा दिसेल.

निळ्याचं आणखी एक कारण तुमच्या संहितेतच आहे. तुमची आरोपी सवाष्ण मेलेली बाई आहे, म्हणजे तिला हिरवं लुगडं आणि हातात हिरवा चुडा असणार. हिरव्या क्रोमापुढे मनगटाला आरपार भोकं पडतील. यमाच्या मुकुटाचं सोनेरी चकचकीत कागदकामही क्रोमाचा रंग उचलतं. त्यावर टाल्कम पावडरीचा हलका हात फिरवा, चमक मरते आणि सोनं जुनं दिसतं.

आता हॉलमधली मांडणी, वाळूचा नरक धरून. क्रोमा वीस फूट रुंद, दहा फूट उंच. शिवण मधोमध आली तर ती कलाकाराच्या अंगामागे लपवा. कापड वाफेच्या इस्त्रीने सरळ करून चारही बाजूंनी ताणा, कारण सुरकुती म्हणजे सावली आणि सावली म्हणजे वेगळा रंग. कलाकार कापडापासून दहा फूट पुढे, आठपेक्षा जवळ नकोच. कापडाला दोन वेगळे मऊ लाइट दोन्ही बाजूंनी. ते कलाकारावर सांडू नयेत म्हणून मध्ये काळे कटर, म्हणजे उजेड अडवणारे पडदे. वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर, कापडाची पट्टी ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास एकसारखी, सरळ दिसली पाहिजे. एका टोकाला फुगली तर तो लाइट मागे घ्या. कापड कलाकाराच्या मुख्य लाइटपेक्षा अर्धा स्टॉप खाली चालतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). जास्त उजळ केलंत तर कडांवर रंग चढतो.

मुख्य लाइट एकच, एका बाजूने, जरा खालच्या कोनात. वाळवंटात सूर्य एकच असतो. पण खालून वाळूचा परतलेला उजेडही असतो आणि तो कुणी देत नाही. फ्रेमखाली थर्माकोलची शीट आडवी टाका, तिच्यावर फिकट तपकिरी कापड अंथरा. हनुवटीखाली जो मंद उबदार उजेड येतो, त्यानेच डोळ्याला वाटतं की माणूस त्या जमिनीवर उभा आहे. धुराचं यंत्र मात्र क्रोमाच्या शॉटला बंद. धूर कापडाचा रंग पिऊन माणसासमोर दुधट पडदा धरतो आणि तो पडदा कापता येत नाही. धूर नंतर कॉम्पमध्ये, म्हणजे कॉम्पोझिटिंगमध्ये, घाला.

आणि खरी वाळू. पाय हीच खोटेपणा उघडा पाडणारी जागा आहे. पायाखाली चौकोनी दहा बाय दहा फूट ताडपत्री अंथरा, कडेला बांबू लावा आणि दोन इंच वाळू पसरा. हिशोब: १०० चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे सुमारे १७ घनफूट, ब्रासचा सहावा हिस्सा. कोरडी वाळू अंदाजे ७५० किलो भरेल, तेव्हा पहिल्या मजल्यावरचा हॉल घेऊ नका, पोती वाहतानाच दिवस जाईल. बांधकामाची क्रश सँड चालेल, पण ती करडी असते, ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या रंगकामात, पिवळी करावी लागते. ओली आली तर आदल्या दिवशी पसरून वाळवा, ओल्या वाळूत पावलाची कड उभी राहते आणि ती लगेच कोरड्या वाळवंटाशी भांडते. पावलं खरी, उडणारी वाळू खरी, सावली खरी. डिजिटल जमीन त्या तुकड्याच्या पलीकडे सुरू होईल. तो सांधा सरळ रेषेत ठेवू नका. वाळूचा एखादा उंचवटा तिथे आणा आणि त्याच्या मागे लपवा.

कॅमेऱ्याचं टिपण ठेवायला कंटाळू नका. प्रत्येक शॉटला लेन्सची मिमी, अ‍ॅपर्चर, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, कलाकारापर्यंतचं अंतर आणि कॅमेरा किती अंश झुकलाय ते लिहा. कोन मोबाइलच्या अ‍ॅपने मोजता येतो. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला येतं. कॅमेरा पाच फुटांवर असेल तर क्षितिजाची रेषा उभ्या माणसाला पाच फुटांवरच छेदेल, तो जवळ असो की लांब. मागच्या चित्रातलं क्षितिज त्याच्या कमरेला आलं, तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण माणूस राक्षसासारखा वाटेल. आणि ब्लेंडरमध्ये सेन्सरची रुंदी डिफॉल्टने ३६ मिमी असते. तुमचा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे कॅननचा असेल तर २२.३, सोनी-निकॉनचा असेल तर २३.५. हा आकडा न बदलता ३५ मिमी टाकलंत की सगळं दृश्य चुकीच्या लेन्सने बघितल्यासारखं होतं. लोक दोन-दोन दिवस डोंगर हलवत बसतात आणि चूक एका खान्यात असते.

सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे लाइट लुकलुकणार नाहीत. शटर वाढवून कडा टोकदार करायचा सल्ला इंटरनेटवर मिळतो, तो हलत्या माणसाला लागू करू नका. हालचालीतला धूसरपणा गेला की मारामारी कठपुतळ्यांची दिसते. कॅमेऱ्यातली शार्पनिंग मात्र शून्यावर आणा, ती कडांभोवती पांढरी रेघ ओढते आणि की तिथेच फसते. पहिल्या फिल्मला सगळे क्रोमा शॉट ट्रायपॉडवर, कॅमेरा न हलवता. ट्रॅकिंगचा, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल मागच्या दृश्याशी जुळवण्याचा, खर्च वाचतो, आणि हलकीशी हालचाल नंतर मोठ्या फ्रेममध्ये घालता येते.

आता आकार. चित्रपटात दरबार अजस्र का वाटतो? आरोपी फ्रेममध्ये नखाएवढा आहे, लांबची वस्तू हवेत विरत गेलीय आणि मोठी वस्तू सावकाश हलते. यातलं शेवटचं नवखे हमखास विसरतात. शंभर फुटांचा दरवाजा खोलीच्या दाराच्या वेगाने उघडला की तो तीन फुटांचा वाटतो. छोट्या प्रतिकृतीला यासाठी सूत्र आहे: जितक्या पटीने लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पटीने जास्त फ्रेम. १/१६ ची प्रतिकृती असेल तर वर्गमूळ ४, म्हणून २५ ऐवजी १०० फ्रेमवर शूट करायचं.

वाळूचा नरक मी सुचवतोय तो यासाठीच. वाळूचे कोसळणारे कडे प्रतिकृतीत फार छान होतात. थर्माकोल कोरून कडे करा, प्लास्टर आणि मातकट रंगाचा हात द्या, आणि वरून रांगोळी सोडा. खरी वाळू या मापाला दगडगोट्यांसारखी दिसते, रांगोळीचा बारीक दाणा मापाला बसतो. सगळं मॉडेल फोकसमध्ये हवं म्हणून अ‍ॅपर्चर एफ/१६ लागेल. एफ/४ पासून तिथे चार स्टॉप गेले. शटर १/५० वरून १/२०० झालं, आणखी दोन गेले. सहा स्टॉप म्हणजे चौसष्टपट उजेड. एवढा उजेड भाड्याने आणू नका, गच्चीवर भर उन्हात शूट करा. ऊन ज्या बाजूने आणि ज्या कोनात येईल, हॉलमधला मुख्य लाइट त्याच बाजूने आणि त्याच कोनात ठेवायचा. म्हणून मॉडेल आधी शूट करा, कलाकार नंतर. खालच्या कोनातलं ऊन हवं असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर. तेव्हा उजेड थोडा कमी पडतो, एफ/११ वर या.

लाव्हा असता तर हेच काम ब्लेंडरच्या फ्लुइड सिम्युलेशनवर गेलं असतं आणि तिथे आठवडे जातात. रेंडरचा, म्हणजे कॉम्प्युटरने एकेक फ्रेम तयार करण्याचा, साधा गुणाकार करा. तीस शॉट, प्रत्येकी चार सेकंद, २५ फ्रेमने ३००० फ्रेम. फ्रेमला चार मिनिटं धरली तरी २०० तास, तेही एकदाच बरोबर आलं तर. एकदाच बरोबर कधीच येत नाही. म्हणून शॉटची यादी घेऊन बसा आणि परलोक दिसलाच पाहिजे असे आठ शॉट निवडा. तिथे ८०० फ्रेम, ५३ तास. दोन-तीन वेळा बिघडलं तरी झेपतं. बाकी सगळे क्लोजअप काळ्या कापडापुढे, मागून एक कडक उजेड खांद्यावर, आणि आता धूर खुशाल सोडा, इथे क्रोमा नाही. यमाच्या काळ्या वस्त्रांची कड त्या मागच्या लाइटनेच सुटते, नाहीतर अंधारात नुसतं तोंड तरंगतं. हे शॉट कॅमेऱ्यातच पूर्ण होतात आणि खटल्याचा नाट्यभाग त्यांच्यावरच चालतो.

कॉम्पचा क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की दुरुस्ती वाढत जाते. आधी कलाकाराभोवती ढोबळ मास्क मारून हॉलच्या भिंती, लाइट, कटर उडवा. मग दोन की काढा: अंगासाठी एक कडक, जिच्यात भोकं नसतील, आणि केसांसाठी एक मऊ, फक्त कडांवर. एकाच कीने दोन्ही साधायला गेलात की एकतर अंग झिरझिरीत होतं किंवा केस कुरतडल्यासारखे. मग स्पिल, म्हणजे माणसावर सांडलेला क्रोमाचा रंग, काढा. स्पिल काढल्यावर चेहरा थोडा काळवंडतो, तो उजेड मागच्या दृश्याच्या रंगाने परत भरा. त्यानंतर काळ्या-पांढऱ्याची पातळी जुळवा. हे डोळ्याने नीट कळत नाही, म्हणून व्ह्यूअरचा गॅमा एकदा खूप वाढवा, एकदा खूप कमी करा. वाढवल्यावर माणसाची सावली काळीभोर आणि मागची सावली करडी दिसली, तर तुमचा माणूस चिकटवलेला आहे. वाळवंटात हवेतली धूळ काळ्याला वर उचलते. माणूस तीस फुटांवर असेल तर त्याचाही काळा थोडा उचलला पाहिजे.

मग मागच्या उजेडाची कडांवरची हलकी चढ, एचडीत दोन ते चार पिक्सेल. जास्त दिलीत तर प्रत्येक जण देव दिसतो. मग मधली धूळ: एक थर माणसाच्या मागे, एक फिकट थर पुढे. पुढचा थर लोक विसरतात, आणि तोच माणसाला दृश्याच्या आत नेतो. मागचं किती धूसर करायचं याचा अंदाज बांधू नका. त्याच लेन्सने, त्याच अ‍ॅपर्चरला, फोकस दहा फुटांवर ठेवून बाहेर मैदानात एक शॉट घ्या आणि लांबची झाडं किती विरतात ते बघून तेवढंच करा. सगळ्यात शेवटी दाणा. कॅमेऱ्याच्या चित्रात दाणा असतो, रेंडरमध्ये नसतो. तो रंगाच्या चॅनलनुसार वेगळा असतो, म्हणून तिन्ही चॅनल एकेक करून जुळवा.

आवाजाला बजेटचा निदान दहावा हिस्सा राखून ठेवा. वाळूचा सतत घसरण्याचा आवाज दरबाराच्या संवादांखाली अगदी बारीक चालू राहिला, आणि निकालाच्या क्षणी तो एकदम तोडला, तर पडद्यावर नसलेलं वाळवंटही ऐकू येतं. हॉलमधला घुमणारा संवाद वापरू नका. उघड्या वाळवंटात भिंत नसते. गाद्या-गोधड्या टांगलेल्या खोलीत तो पुन्हा रेकॉर्ड करा.

उरलेलं बजेट शहरानुसार भाडी बदलतात म्हणून रुपयांत सांगत नाही. प्राधान्य सांगतो: आधी लाइट आणि कापड, मग वाळू आणि वेशभूषा, मग आवाज. कॅमेरा आहे तोच. नवी लेन्स नको. आणि सगळ्या कलाकारांना हॉलमध्ये बोलावण्याआधी एक चाचणी घ्या: एकच माणूस, दहा सेकंद, वाळूवर उभा, एकदा चालतो, एकदा डोकं झटकतो, हातात हिरव्या बांगड्या. इथे दाखवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल टाकू नका, ती दाबून रंगाची माहिती मारते. कॅमेऱ्यातली मूळ क्लिप ड्राइव्हवर चढवा, सोबत लेन्स, उंची, झुकाव आणि अंतर यांचं टिपण द्या, आणि लाइट कुठे होते याचा मोबाइलने काढलेला एक फोटो. एवढं असलं की कुठे फसतंय ते नेमकं सांगता येईल.